भटू सांगतो, दिपमाला लिहिते

देवपूर, धुळे
दि. ३ नोव्हेंबर २०२४

चि. भटूस,
अनेक आशीर्वाद व सप्रेम जयभीम वि. वि.

तू बाहेरून दहावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरलास, ही बातमी मला तुझ्या बायकोकडून कळली. सख्ख्या बहिणीला सांगायची तुला लाज वाटली असेल, म्हणून मी रागावले नाही. फक्त दोन दिवस तुझा फोन उचलला नाही. फॉर्मवर सहीच्या जागी तू पुन्हा डाव्या हाताचा अंगठा लावलास, हेही सविताने सांगितलं. रोजचा पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारा माणूस सरकारी कागद दिसला की अंगठेबहाद्दर होतो, यावर मी गेली सत्तावीस वर्षं बोलत आले आहे. आज बोलणार नाही, कारण आज मी खुशीत आहे.

तरी एक गोष्ट कागदावर लिहून ठेवते, म्हणजे मागाहून मला माहीत नव्हतं म्हणायला नको. जिल्हा परिषदेत परिचराच्या, म्हणजे शिपायाच्या, जागा निघतात, तेव्हा त्यातल्या काही ग्रामपंचायतीत काम करणाऱ्यांसाठी राखीव असतात. तू बावीस वर्षं गावाचा वॉलमन आहेस, रोज साऱ्या गावाला पाणी सोडतोस, त्यामुळे तुझा हक्क आहे. पण त्या जागेला दहावीचं गुणपत्रक लागतं आणि वय पंचेचाळीसच्या आत लागतं. पुढच्या नोव्हेंबरात तुला पंचेचाळीस पूर्ण होतात. तेव्हा ही संधी एकदाच आहे, दुसरी नाही.

उजवा पंजा नाही म्हणून बोर्ड तुला लेखनिक देतं. तू सांगायचं, त्याने लिहायचं. लेखनिक खालच्या इयत्तेतला लागतो. शेजारच्या छगनची दिपमाला नववीत आहे आणि ती तयार झाली, हे उत्तम झालं. पण पेपर सांगणं म्हणजे गप्पा मारणं नव्हे. फोनवर तू एक वाक्य धरतोस, अर्ध्यात सोडतोस, दुसरं धरतोस आणि मधेच कोणाच्या दारी पाणी आलं नाही ते सांगतोस. म्हणून आजपासून फोन बंद. मला पत्र पाठवायचं. मराठीच्या पेपरात पत्र येतंच, तीही तयारी होईल. दिपमालाला नियम एकच. नाना बोलतील ते लिहायचं, त्यात आपल्या पदरचा शब्द घालायचा नाही आणि नानांचा शब्द गाळायचा नाही. मी छत्तीस वर्षं साक्री तालुक्यात पोरं शिकवली आहेत, मला पहिल्या ओळीतच कळेल.

सविताला जयभीम सांग. माझी माया आहेच, ती वाढवायची की नाही ते तुझ्या उत्तरावर ठरवीन.

तुझी,
कुंदाअक्का


असोदा, जि. जळगाव
दि. १७ नोव्हेंबर २०२४

ती. कुंदाअक्कास,
सप्रेम जयभीम वि. वि.

पत्र लिहिण्यास कारण की, कारण काय, कारण तूच. तू सांगितलंस म्हणून लिहितोय. थांब दिपमाला, अक्काला आधी तब्येत विचारावी लागते. अक्का, तुझे गुडघे कसे आहेत. इकडे आम्ही सर्व मजेत आहोत. सर्व म्हणजे मी आणि सविता. सविता, तो मिक्सर बंद कर, इथे परीक्षेचं चाललंय. हे लिहू नकोस गं. लिहू नकोस म्हटलेलंही लिहू नकोस.

अभ्यास चालू आहे. पहाटे टाकीवर जातो, वॉल सोडतो. एका गल्लीला पाऊण तास पाणी द्यावं लागतं, तेवढ्यात एक धडा होतो. शाळेमागच्या गल्लीत इतिहास वाचतो, बाजारपट्टीत भूगोल. विहारामागची गल्ली लांब आहे, तिथे पाणी पोचायला वेळ लागतो, म्हणून तिला विज्ञान दिलंय. भाषा संध्याकाळी. गणिताला काही गल्ली उरली नाही.

आणखी काय. हां. फॉर्म भरायला गेलो तेव्हा खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, काका, मुलाचा फॉर्म का. मी हो म्हणून टाकलं. मग नाव विचारलं तर माझंच सांगितलं आणि माझंच आधारकार्ड पुढे केलं. त्या बाई हसल्या नाहीत अक्का. त्याचं मला फार बरं वाटलं. एवढं पुसून टाक दिपमाला. पेनाने लिहिलंय, पुसलं जात नाही म्हणते.

आता तिने मला सगळं वाचायला दिलं. मिक्सरसुद्धा लिहिला आहे. मी म्हटलं फाड, ती म्हणते अक्कांचा नियम आहे. ही मुलगी तुझ्यापेक्षा कडक निघणार असं दिसतंय.

लोभ वाढवू नकोस हवं तर, आहे तेवढा ठेव. सहीच्या जागी अंगठा लावतो आहे, चिडू नकोस.

तुझा,
भटू


देवपूर, धुळे
दि. २७ नोव्हेंबर २०२४

चि. भटूस, अ. आ. वि. वि.

तुझ्या पत्राला दहापैकी चार गुण. चारही दिपमालाचे. शेजारच्या सुंदरबाईंना मी मिक्सरपर्यंत वाचून दाखवलं आणि पुढचं वाचता आलं नाही, कारण आम्ही दोघी हसत होतो. त्यांनी माझे गुडघे बरे आहेत असं कळवायला सांगितलं आहे.

आता सांगते ते नीट ऐक. सांगण्याआधी तोंड बंद ठेवायचं आणि डोळेही मिटायचे. डोळे उघडे असले की तुझं लक्ष दहा ठिकाणी जातं, हे तू पहिलीत होतास तेव्हापासून मी पाहते आहे. वाक्य मनात पुरतं जुळव आणि मग सलग सांग. मधे थांबू नकोस. पानाकडे बघत बसलास तर तिच्या अक्षरात गुंतून पडशील. तिच्यावर विश्वास ठेव, ती लिहील.

गणिताला गल्ली उरली नाही, हे वाचून मात्र मी हसले नाही. तुमच्यासारख्यांना दहावीच्या गणिताऐवजी सातवीचं अंकगणित घेता येतं, हे मी तुझा फोन उचलला तेव्हाच सांगितलं होतं. तू म्हणालास, दहावी म्हणजे पुरती दहावी. बरं. आता ऐट केलीच आहेस तर तिला जागा कर. बाजारपट्टीचा भूगोल संध्याकाळी ने आणि तिथे गणित घाल.

खिडकीवरच्या बाईंचं दिपमालाने पुसलं नाही ते बरं केलं. बाकीच्या पत्रापेक्षा मला तेवढंच आवडलं.

अभ्यासाला लाग. जीव तुझ्याकडे लागलेला असतो, हे तुला माहीत आहेच, तरी लिहिते.

तुझी,
कुंदाअक्का


असोदा
दि. १२ जानेवारी २०२५

ती. कुंदाअक्कास,
सप्रेम जयभीम वि. वि.

हे पत्र मी डोळे मिटून सांगतो आहे. वाक्य मनात पूर्ण केल्याशिवाय तोंड उघडत नाही. सविता म्हणाली, लग्नानंतर पहिल्यांदाच घरात अशी शांतता आहे, परीक्षा दरवर्षी असावी.

गावात आता सगळ्यांना कळलं आहे. टाकीखाली भल्या सकाळी चारपाच जण बसलेले असतात, त्यांचा म्होरक्या धनसिंग. तो मला सांगत होता, नाना, बठ्ठं गाव हासस. मी म्हटलं हसू द्या, पाणी मीच सोडतो. दुसऱ्या दिवशी त्याच्या गल्लीला वीस मिनिटं जास्त पाणी दिलं, कारण माझा धडा संपला नव्हता. तेव्हापासून तो रोज येऊन विचारतो, आज कोणता धडा आहे, मोठा आहे का.

इतिहास, मराठी आणि विज्ञान बरं चाललंय. इंग्रजी पास होण्यापुरतं येतं. गणिताचं मात्र जमत नाही. अक्का, तुला वाटतं मी टाळाटाळ करतो, पण तसं नाही. इतिहासाचं उत्तर तोंडाने सांगता येतं. गणित सांगायला गेलो की तिसऱ्या पायरीवर पहिली पायरी विसरतो. भूमितीत तर वर्तुळाला स्पर्शिका काढायची होती, मी दिपमालाला सांगत होतो, कंपास उघड, एवढा नाही, थोडा कमी, आता फिरव, उलटा. शेवटी वर्तुळ झालं, स्पर्शिका त्याच्या पोटातून गेली.

दिपमाला आता सगळं दहावीचं शिकली. मी चुकलो की तिचं पेन थांबतं. ती बोलत काही नाही, नुसती भुवई वर करते. मला त्या भुवईची सवय होत चालली आहे. हेही तिने लिहिलं का. लिहिलं.

तुझ्या मायेवर पास होता आलं असतं तर मी पहिला आलो असतो. तशी ती असू दे.

तुझा,
भटू


देवपूर, धुळे
दि. १४ फेब्रुवारी २०२५

चि. भटूस, अ. आ. वि. वि.

भुवई बंद. दिपमाला, हे तुझ्यासाठी आहे. पेन थांबवायचं नाही, भुवई हलवायची नाही. पर्यवेक्षकांनी पाहिलं तर नाना बाजूलाच राहतील, तुझ्या नावावर डाग लागेल, आणि पुढच्या वर्षी तुला स्वतःला दहावीला बसायचं आहे.

भटू, पुढच्या शुक्रवारी तुझा पहिला पेपर. तुला आठवत असेल, तेव्हाही फेब्रुवारीच होता. तुझं हॉलतिकीट आलं होतं, बाबांनी ते देव्हाऱ्यात नव्हे, बाबासाहेबांच्या फोटोमागे ठेवलं होतं. आणि चारच दिवसांत मामाच्या खळ्यावर कडबाकुट्टीत तुझा हात गेला. ते हॉलतिकीट पुढे कितीतरी वर्षं फोटोमागेच होतं. मी एकदा भिंती झाडताना काढलं आणि पुन्हा तिथेच ठेवलं.

गावात तुझ्यासारखं अक्षर कोणाचं नव्हतं. विहाराचा फळा तूच लिहायचास, चौदा एप्रिलला लोक आधी फळा बघायला यायचे. ते मी अजून विसरले नाही. तू विसरल्याचं सोंग करतोस, ते कर. एवढ्यावर थांबते, नाहीतर पेपराआधी दोघंही रडत बसू आणि सविता मला फोन करून झापेल.

सोबत दोन पेनं पाठवते आहे. दोन कशाला असं विचारू नकोस. एक दिपमालाला, एक जास्तीचं असावं म्हणून. पेपराच्या दिवशी पाण्याची पाळी धनसिंगला सांभाळायला सांग.

आशीर्वाद पाकिटात मावत नाहीत, म्हणून तोंडी सविताकडे दिले आहेत.

तुझी,
कुंदाअक्का


दिनांक : ९ मार्च २०२५

तीर्थरूप कुंदाअक्कांस,
सा. न. व जयभीम.

हे पत्र नानांनी सांगितलेलं नाही. माझंच आहे. चुकलं असेल तर मला माफ करा, पण तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही.

परवा गणित भाग दोनचा पेपर झाला. आम्हाला वेगळ्या खोलीत बसवतात, पर्यवेक्षक सर दाराजवळ बसतात. नाना तुम्ही शिकवल्याप्रमाणे डोळे मिटून सांगत होते. दोन प्रश्न बरे गेले. मग ते थांबले. मला वाटलं आठवत असतील. तिसरा प्रश्न मला येत होता अक्का. चौथासुद्धा येत होता. चार महिने मी तेच लिहीत होते. घड्याळात चाळीस मिनिटं राहिली होती आणि नाना गप्प, डोळे मिटलेले. मी लिहायला लागले. त्यांनी डोळे उघडले तोपर्यंत माझी दोन पानं झाली होती.

नानांनी वाचलं. हळूच विचारलं, हे मी कधी सांगितलं. मी म्हटलं मघाशीच. ते म्हणाले, नाही, खोड ते. मी खोडलं नाही. माझ्याने होईना, उत्तरं बरोबर होती. मग त्यांनी माझ्या हातातून पेन घेतलं, डाव्या हातात धरलं आणि दोन्ही पानांवर वरून खालपर्यंत रेघ मारली. एवढंच म्हणाले, "पोरी, वर नंबर मना शे." उत्तरपत्रिकेवर बैठक नंबर त्यांचाच होता.

नंतर त्यांना पुढचं काही सांगता आलं नाही. मी रडत होते म्हणून पर्यवेक्षक सर आले, नानांनी त्यांना सांगितलं की पेपर अवघड आहे म्हणून पोरीला वाईट वाटलं. बाहेर आल्यावर त्यांनी मला उसाचा रस पाजला आणि म्हणाले, तुझी सिद्धता बरोबर होती पण अक्षर घाईत बिघडलं होतं, म्हणून खोडलं. बसमध्ये सारखी माझी थट्टा करत होते. मला काही हसू आलं नाही. नाना गणितात गेले तर माझ्यामुळे जातील. मी तुमचा नियम मोडला.

पुस्तकात पत्राच्या शेवटी ई-मेल लिहायला सांगितलं आहे. माझा नाही.

आपली आज्ञाधारक,
दिपमाला छगन
असोदा, जि. जळगाव


देवपूर, धुळे
दि. १६ मार्च २०२५

चि. दिपमालास,
अनेक आशीर्वाद.

तुला चांगलं रागवायचं ठरवून मी कागद घेतला होता. तू चूक केलीस, हे तुला माहीत आहे, म्हणून ते पुन्हा सांगत नाही. डोळे मिटायला त्याला मीच शिकवलं होतं, तेव्हा अर्धी चूक माझ्याकडे लागते. ती मी घेतली. राहिलेली अर्धी तू रडून फेडलीस. आता जेवत जा, तुझी आई काळजी करते असं सविताने कळवलं आहे.

एक विचारायचं आहे. त्याने पेन डाव्या हातात धरलं, हे तू नक्की पाहिलंस ना. हात गेल्यापासून त्याने पेन धरलेलं मी एकदाच पाहिलं आहे आणि तेही दवाखान्यात. ती रेघ कशी होती गं. वाकडीतिकडी होती की सरळ होती, तेवढं आठवून कळव. त्याला सांगू नकोस मी विचारलं म्हणून.

तुझ्या नववीच्या परीक्षेसाठी आशीर्वाद. नानांचे पेपर संपत आले, आता तुझे पेपर दुसऱ्या कोणाला लिहायला देऊ नकोस.

तुझी,
कुंदाअक्का


असोदा
दि. १४ मे २०२५

ती. कुंदाअक्कास,
सप्रेम जयभीम वि. वि.

निकाल काल लागला. दिपमालाने मोबाईलवर काढला, तेव्हा टाकीखाली वीसेक माणसं होती आणि गावाला पाणी दीड तास उशिरा गेलं. मराठी एकाहत्तर, सामाजिक शास्त्रं सहासष्ट, हिंदी अठ्ठावन्न, विज्ञान चव्वेचाळीस, इंग्रजी एकोणचाळीस. धनसिंग एकेक आकडा मोठ्याने सांगत होता आणि लोक टाळ्या वाजवत होते. मग गणित अकरा आलं, तेव्हा तो म्हणाला, एकाहत्तर वाचायचं ते अकरा छापलं असेल. मी म्हटलं नाही, बरोबर छापलंय.

दिपमाला हे लिहिताना पुन्हा रडते आहे. मी तिला सांगितलं, कागद भिजला तर अक्का दोन गुण कापेल. तिने तुला सगळं कळवल्याचं मला सांगितलं आहे, आणि तिने माझ्यासाठी केलं ते मला कळतं. पण ते अकरा माझे आहेत. पस्तीस मिळाले असते तर आयुष्यभर मला वाटलं असतं की चोवीस छगनच्या पोरीचे.

पुरवणी परीक्षा जूनअखेर आहे. मी बसणार नाही अक्का. दिपमाला आता दहावीत गेली, तिला लेखनिक होता येत नाही. नवीन पोर शोधायचं, त्याला शिकवायचं, त्याला महिना पुरणार नाही. आणि खरं सांगू का, गणित तोंडाने होत नाही. ते हाताने होतं. पाच विषयांत पास झालो, सत्तावीस वर्षांनी एवढं झालं, पुष्कळ झालं. जागेचं काय, बावीस वर्षं वॉल सोडले, आणखी पंधरा सोडीन. सविताला मी हसत सांगितलं. तिने मिक्सर लावला आणि बराच वेळ चालू ठेवला.

तू रागावशील म्हणून लोभाचं काही लिहीत नाही. असला तर कळव.

तुझा,
भटू

ता. क. अक्का, हे माझं स्वतःचं आहे, नानांनी सांगितलेलं नाही. तुम्ही मार्चमध्ये विचारलं होतं त्याचं उत्तर द्यायचं राहिलं होतं. रेघ सरळ होती. दोन्ही पानांवर. दिपमाला.


देवपूर, धुळे
दि. २१ मे २०२५

चि. भटूस, अ. आ. वि. वि.

पाच विषयांचं अभिनंदन. पेढे वाटले. सुंदरबाईंनी विचारलं पाच विषयांचे पेढे का, मी म्हटलं सहाव्याचे नंतर.

आज थट्टा थोडी बाजूला ठेवते. तुला दवाखान्यातला तो दिवस आठवतो का, मला माहीत नाही. पट्टी सुटल्यावर डॉक्टरांनी तुला कागद दिला आणि डाव्या हाताने नाव लिहायला सांगितलं. तू लिहिलंस. भटू वाकडं आलं, तोताराम कागदाच्या बाहेर गेलं. तुझ्या डोळ्यांत पाणी आलं. मला बघवेना. मी तुझ्या हातातून पेन काढून घेतलं आणि म्हटलं, राहू दे, मी लिहिते.

भटू, त्या दिवसापासून मीच लिहीत गेले. तुझे अर्ज, तुझा नोकरीचा कागद, लग्नाच्या पत्रिकेवरची नावं. तू एक सांगायचास, मी चार चांगले शब्द घालून लिहायचे. तू अंगठा लावायचास आणि मी तुला अंगठेबहाद्दर म्हणायचे. दिपमालाने जे काही मिनिटं केलं, ते मी सत्तावीस वर्षं केलं. तिचं तू दोन पानांत खोडलंस. माझं तुला कधी खोडता आलं नाही, कारण मी मोठी बहीण. मला हे फार उशिरा कळलं. तू मला माफ कर.

आता लेखनिक शोधू नकोस. तुला लेखनिक नको आहे. गणित हाताने होतं, हे तूच लिहिलंस, आणि हात तुला आहे. त्याने तू लोखंडी वॉल फिरवतोस, सायकल चालवतोस, लिंबू कापतोस. सरळ रेघही मारतोस, मला पक्की खबर आहे. अक्षरही येईल. सुंदर नाही येणार. तपासणाऱ्याला वाचता आलं की झालं, आणि बोर्ड तुला जास्तीचा वेळ देतंच.

सोबत पहिलीच्या पोरांची दुरेघी वही पाठवते. लाजायचं नाही. याच वहीत तू पाच वर्षांचा असताना माझ्यासमोर अ काढला होतास आणि त्याला शेपटी दिली होतीस. जास्तीचं पेन तुझ्याकडे आहेच. फॉर्म भर. मी यापुढे तुझा एक शब्द लिहिणार नाही.

पुढचं पत्र तुझ्या हाताचं आलं तरच उघडीन, नाहीतर परत पाठवीन.

तुझीच,
कुंदाअक्का


असोदा
३ ऑगस्ट २०२५

ती. अक्कास जयभीम.

हे मी लिहितोय. एक पान लिहायला दुपार गेली. ओळी चढावर गेल्या आहेत. हसू नकोस.

दवाखान्यातलं मला आठवतं. तुझ्यावर राग कधी नव्हता. तू पेन घेतलंस तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं होतं. माफीचं पुन्हा लिहू नकोस.

दुरेघी वह्या सात झाल्या. पहिली सविताने लपवून ठेवली आहे, दाखवत नाही. वॉल सोडला की टाकीच्या कठड्यावर वही ठेवून गणितं करायचो. बाजारपट्टीला आता पाणी वेळेवर मिळत नाही. कोणी तक्रार केली नाही. धनसिंग वही धरायचा, वाऱ्याने पान उडतं म्हणून. दिपमाला तपासायची. भुवई आता मोकळी सोडली आहे तिने.

पायऱ्या कागदावर दिसायला लागल्या की गणित विसरत नाही अक्का. हे मला सोळाव्या वर्षी माहीत होतं.

पुरवणीचा निकाल मंगळवारी लागला. तुला फोन करू नको असं मी सविताला सांगितलं होतं. गणित अडतीस. सगळे माझे. दिपमालाने पेढे आणले आणि, हा खोडला, असं म्हणत एक पेढा मोडून मला दिला.

परवा जळगावला परिचराच्या जागेचा अर्ज द्यायला गेलो. टेबलावरच्या बाबूने माझा उजवा हात बघितला. काही न विचारता अंगठ्यासाठी शाईचा डबा उघडून पुढे सरकवला. भला माणूस होता.

मी म्हटलं, साहेब, पेन द्या.

तुझा,
भटू तोताराम बिऱ्हाडे